मधली जागा

"नाही म्हणजे नाही, भाऊजी. या वयात त्यांना खोटं बोलायला पाठवणार नाही मी."

"खोटं कोण म्हणतंय, वहिनी? ते विचारणार, त्या दिवशी ओळीत मधे तूच बसला होतास ना? दादानं 'हो' म्हणायचं. एक अक्षर! एका अक्षरासाठी सकाळपासून घर डोक्यावर घेतलंयस."

"एकच अक्षर आहे ना? मग तुम्हीच जाऊन म्हणा."

"मला कुठे बोलावलंय? पत्र दादाला आलंय."

"पत्र दादाला. माप दादाला. घरी बसणं दादाला. तुमच्या वाट्याला काय येतं हो, भाऊजी? हार?"

त्यानं चहाचा कप उचलला, वर साय धरलेली बघून परत ठेवला.

स्वयंपाकघर एवढंसं. टेबलावर मेणकापड, मेणकापडावर सुरीच्या जुन्या रेघा, आणि त्या रेघांवर नगरसभेचं ते पत्र, घड्या मोडून सपाट केलेलं. अकरा वाजता बांधकाम समितीपुढे हजर राहावं. आत्ता साडेनऊ झाले होते. आतल्या खोलीत दादा कपडे करत होता. दार नुसतं लोटलेलं. म्हणजे त्याला सगळं ऐकू जात होतं, आणि ते या दोघांनाही माहीत होतं.

"जरा हळू बोल," तो म्हणाला.

"हळू? या घरात हळू एकच माणूस होता. त्याची शिक्षा भोगून झाली त्याची."

नगरसभेत अठ्ठावीस वर्षं बसलेला माणूस हा. भल्याभल्या वकिलांना त्यानं भर सभेत पाणी पाजलं होतं. पण या मेणकापडापाशी बसला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. सतरा वर्षांचा असताना, पत्र्याची पेटी घेऊन, अंगात दादाचाच जुना कोट घालून तो या परक्या शहरात उतरला, तेव्हा पहिलं ताट याच बाईनं वाढलं होतं. ताटात काय होतं ते तो विसरला होता. "पोटभर जेवा, लाजलात तर उपाशी राहाल, इथे कुणी आग्रह करत नाही," हे तिचं वाक्य मात्र विसरला नव्हता.

दादा फरसबंदीच्या कामावर होता. रस्त्यावर दगडाचे चौकोनी ठोकळे बसवायचे. सात माणसं ओळीनं गुडघ्यांवर, समोर वाळू, बाजूला ठोकळ्यांचा ढीग, हातात हातोडा. मागून दोघं जड लाकडी धुम्मस घेऊन ठोकळे ठोकत येणार. नव्या पोराला आधी ठोकळ्याला हात लावू देत नसत. त्यानं ओळीची दोरी ताणून धरायची, दिवसभर. हा धाकटा आधीच काडीसारखा, त्यात हातात दोरी. लोकांनी 'दोरी' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याला जन्माचं चिकटलं. पुढे नगरसभेत गेला तरी सुटलं नाही. विरोधक म्हणायचे, "दोरीसाहेबांना बोलू द्या, नाहीतर गळ्याभोवती येतील!" आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो स्वतः.

या फरसबंदीवाल्यांची एक रीत होती. ओळीतला सगळ्यात हळू माणूस टोकाला बसवत नसत. तो मधे. ठोकळे एकमेकांत गुंतवत जायचं असल्यामुळे मधला मागे राहिला की ओळ फाटते. म्हणून दोन्ही टोकांची दांडगी पोरंसुद्धा त्याच्या पुढे दोन विती सरकत नसत. मधला हलला की ओळ हलायची. ठेकेदार शिव्या द्यायचा, कपाळाला हात लावायचा, पण सातच्या सात एकदम मान खाली घालून बसल्यावर शिव्या कुणाला लागणार? यात दयामाया नव्हती. शहाणपण होतं. आज ना उद्या प्रत्येकाचे गुडघे जाणार, आणि प्रत्येकाला एक दिवस मधे बसावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दादाचे गुडघे लवकर गेले. चाळिशीच्या आतच तो मधे आला.

तोवर दोरी संघटनेचा चिटणीस झाला होता. परकी भाषा त्यानं दुकानांच्या पाट्या वाचून आणि तिकीट तपासनिसांशी भांडून उचलली होती. मोठ्या संपात नगरसभेसमोरच्या चौकात तो पहिल्यांदा त्या भाषेत बोलला. व्याकरण निम्मं वाटेतच सांडलं. पण बोलता बोलता त्यानं गर्दीत उलट्या बादलीवर बसलेल्या दादाकडे बोट केलं.

"तो बघा माझा भाऊ! आमच्या ओळीतला सगळ्यात हळू माणूस. आम्ही त्याला मागे टाकत नाही. आम्ही त्याला मधे बसवतो. जी रीत सात अडाणी परदेशी माणसांना पाळता येते, ती या शहराला का पाळता येऊ नये?"

दादानं लाजून टोपी काढली, परत घातली, परत काढली. चौक टाळ्यांनी फुटला. पुढल्या निवडणुकीत समाजवाद्यांच्या लाल फलकांवर तीनच शब्द होते: शहर मधल्याच्या चालीनं. समाजवादी निवडून आले. त्यांनी ठेकेदारांना हाकललं, फरसबंदी नगरसभेच्या ताब्यात घेतली. त्या रात्री याच स्वयंपाकघरात वहिनी म्हणाली होती, "भाऊजी, तुम्ही यांच्या गुडघ्यांचं सोनं केलंत हो."

ते वाक्य आज आठवलं आणि त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"वहिनी, तू समजून घे. रविवारी मतदान आहे. आज समितीत कळलं की ते माप खोटं होतं, तर उद्या वर्तमानपत्रात काय येईल? समाजवाद्यांचा पायाच खोटा! ठेकेदार टपूनच बसलेत. परत आले तर?"

"येऊ देत की. ठेकेदार शिव्या द्यायचा, पण मधल्याला उठवायची त्याची छाती झाली नव्हती. ते काम तुम्ही केलंत."

"मी एकट्यानं नाही केलं."

"बरं. सगळ्यांनी मिळून केलंत. तुमच्यात सगळं मिळूनच असतं."

तिनं बटाट्याचं साल एकाच लांब पट्टीत काढलं आणि त्याच्या समोर टाकलं.

झालं होतं ते असं. नगरसभेनं काम हातात घेतलं आणि सहा महिन्यांत आरडाओरड सुरू झाली. सरकारी काम, रांगतं काम! लोकांचे कर वाळूत जिरतायत! मग ठरलं, एका साध्या ओळीचं एका दिवसाचं काम सगळ्यांसमक्ष मोजायचं. नगरसभेचा अभियंता फीत घेऊन येणार, जे भरेल ते रोजचं माप धरणार. ठेकेदाराच्या माणसानं फीत काढली असती, तर या सातांनी मुंगीच्या पावलानं काम केलं असतं. तेवढी अक्कल दोरी धरणाऱ्या पोरालाही असते. पण आता मालक कोण? आपणच! आपल्या महापौराला खाली बघायला लावायचं? सगळ्या ओळीच्या अंगात वारं शिरलं. आणि सगळ्यात जास्त शिरलं ते चिटणिसाच्या.

आदल्या संध्याकाळी तो इथे आला होता. दादा खुर्चीत बसून गुडघ्यांना बांधायच्या चामडी गाद्यांना तेल लावत होता. वहिनीनं त्यांना नवे पट्टे शिवून दिले होते.

"दादा, उद्या तू घरी थांब. बाकी मी बघतो."

"घरी? का रे?"

"ताप आलाय समज."

दादानं स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. "नाही बुवा," तो म्हणाला, आणि मग त्याला कळलं. तेलाचं फडकं त्यानं नीट चार पदरी दुमडलं. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या जागेवर दोरी स्वतः बसला. टोपी कपाळावर ओढून. हजेरीपटावर नाव दादाचंच राहिलं. ओळ नेहमीची असावी, अशी अट होती. अभियंता नवा होता, त्याला ही परदेशी माणसं सगळी सारखीच दिसायची. त्यानं सात डोकी मोजली आणि पान उलटलं. एरवी ती ओळ दिवसाला बेचाळीस चौरस मीटर भरायची. त्या दिवशी त्रेसष्ट भरली. माणशी नऊ. संध्याकाळी सातही जण एकमेकांच्या गळ्यात पडले, महापौरानं टोपी हवेत उडवली. आणि दुसऱ्या दिवसापासून माणशी नऊ हे माप झालं. सणावारी घालायचा कोट रोज घालायची वेळ आली. सगळ्यांच्याच गुडघ्यांतून कळा यायला लागल्या. दादाचे साडेपाच-सहाच्या वर जाईनात.

त्रेसष्ट मीटरवाला चिटणीस म्हणून दोरीला पोटनिवडणुकीत उमेदवारी मिळाली आणि तो निवडून आला. बांधकाम समितीत पहिल्या आठवड्यात सहीला कागद आले, सलग तीन आठवडे माप न भरणाऱ्यांना कमी करण्याचे. अकरा कागद. सातवा दादाचा. नाव बघितलंच नाही, असं त्यानं पुढे स्वतःला किती वेळा सांगून पाहिलं. पण बघितलं होतं. लेखणी थांबली होती. शेजारचा सभासद म्हणाला होता, "काय झालं, कॉम्रेड?" आणि तो म्हणाला होता, "काही नाही, शाई संपलीय." शाई संपली नव्हती. त्यानं दौतीत टाक बुडवला आणि सही केली. भावाला वगळलं तर लोक म्हणतील घरचं बघतो, असा त्यानं मनाशी हिशेब लावला. तत्त्वाचा माणूस! उरलेल्या चार सह्या भराभर उरकल्या.

त्या रविवारी दोरी जेवायला आला तेव्हा दादानं नेहमीसारखंच विचारलं, "सभा कशी झाली?" पुढे दोरीनं त्याला सार्वजनिक स्नानगृहात टॉवेल देण्याच्या कामावर चिकटवला. त्याबद्दल दादानं आभार मानले. धाकट्या भावाचे! चारचौघांत, टोपी काढून. त्या दिवसापासून दोरी त्या स्नानगृहाच्या रस्त्यानं गेला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, पलीकडचा रस्ता चांगला आहे, फरसबंदी नवी आहे.

आता, अठ्ठावीस वर्षांनी, ओळीत दुसरी माणसं होती, आणखी कुठल्या देशांतून आलेली. पस्तिशीत त्यांचे गुडघे जात होते. माप सहावर आणा, असा त्यांचा अर्ज. पक्षाचं उत्तर ठरलेलं: हे माप कुणी लादलेलं नाही, सात साध्या कामगारांनी, नेहमीच्या ओळीत बसून, स्वतःच्या हातांनी घालून दिलंय. हे उत्तर दोरीनंच लिहून दिलं होतं. पण नव्यांची चिटणीस, एक चष्मेवाली पोरगी, तळघरात आठवडाभर जुने हजेरीपट चाळत बसली. तिनं साधा प्रश्न काढला. ज्या माणसानं त्या दिवशी मधे बसून नऊ मीटर भरले, तो पाच महिन्यांत हळू म्हणून कमी कसा झाला? माणूस हयात आहे ना? मग बोलवा त्यालाच. हे सगळं तिनं अडखळत, निम्मं व्याकरण सांडत विचारलं, आणि ते ऐकताना दोरीला दरदरून घाम फुटला होता.

"ती पोरगी आली होती इथे," वहिनी म्हणाली.

"कोण? चष्मेवाली? कधी?"

"परवा. तुमच्यासारखीच बसली, त्याच खुर्चीत. चहा मात्र प्यायली."

"काय सांगितलंस तिला?"

"काय सांगणार? म्हटलं, मी धुणी-भांडी करते, मला मीटर कळत नाहीत." तिनं सुरी खाली ठेवली. "भाऊजी, एक गोष्ट इतकी वर्षं बोलले नाही. बोलू?"

"बोल. आज काय ठेवलंयस बोलायचं?"

"त्या दिवशी हे कुठे होते माहितीय?"

"घरी. मीच सांगितलं होतं ना."

"या खिडकीत. तुमचं काम दोन गल्ल्या पलीकडे चाललं होतं. सकाळपासून खुर्ची टाकून ऐकत बसले. म्हटलं, चहा घ्या. तर म्हणाले, थांब गं, ओळ पळतेय. हातोड्याचा आवाज ऐकून सांगायचे. हा डावीकडचा, हा उजवीकडचा. आणि मग म्हणाले, मधे धाकटा बसलाय."

त्यानं खिडकीकडे बघितलं.

"कसं शक्य आहे? दोन गल्ल्या…"

"तुम्ही दोन ठोके मारता आणि तिसरा हलकाच ठेवता. त्यांनीच शिकवलंय तसं तुम्हाला. त्यांना नाही कळणार?"

"पण मी त्याला सांगितलं होतं, दुसऱ्या ओळीतला माणूस बसवला म्हणून."

"हो. आणि त्यांनी मान डोलावली होती. तुम्हाला वाटलं, फसले."

अठ्ठावीस वर्षं त्यानं मनात एक कोपरा राखून ठेवला होता: निदान दादाला माहीत नाही. माप काढलं, चूक झाली; सही केली, नाइलाज होता; पण त्या जागेवर आपण स्वतः बसलो होतो, हे तरी दादाला ठाऊक नाही. तेवढ्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन तो झोपत आला होता. वहिनीनं झाडू मारावा तसा तो कोपरा साफ केला आणि बटाटा उचलला.

दार करकरलं. दादा बाहेर आला. धुतलेला सदरा, कोटाची बटणं वरपर्यंत, दाढी करताना हनुवटीला कापलेलं, त्यावर कागदाचा कपटा. काठी टेकत तो टेबलापाशी आला, पत्र उचललं, घडी घातली.

"ठरलं का तुमचं?" त्यानं विचारलं. "का अजून वेळ आहे? मी आत थांबू?"

"अहो, बसा आधी," वहिनी म्हणाली.

"बसलो की उठायला वेळ लागतो. उभाच बरा." तो भावाकडे वळला. "धाकट्या, तू सांगशील ते बोलतो. 'हो' तर 'हो'. माझं काय जातंय? मी कुठे निवडणुकीला उभा आहे?"

तो हसला. खरंच हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. भांडणात तो पटाईत होता; भांडायला समोर माणूस तर हवा!

"दादा, तुला माहीत होतं?"

"काय?"

"मधे मी होतो ते."

दादानं बायकोकडे बघितलं. ती बटाट्याकडे बघत होती.

"सांगितलंस वाटतं," तो म्हणाला. मग काठीवर दोन्ही हात ठेवून तो जरा वाकला, लहान मुलाला विचारावं तसा. "एक विचारू का रे? इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणत राहिलं. कसं वाटलं मधे?"

दोरीच्या तोंडात भाषणं तयार असायची. संपाची, निवडणुकीची, मयताची. याचं नव्हतं.

"दिसलंच नाही काही," तो म्हणाला. "मान वर करायला वेळच नव्हता. डावीकडे कोण, उजवीकडे कोण… मी नुसता पळत होतो, दादा. गुडघ्यांवर पळत होतो."

"हं," दादा म्हणाला. "मधे बसलं की तसं व्हायला नको. मधे बसलं की दोन्हीकडचे दिसतात. त्याच्यासाठीच बसवतात." आणि जरा थांबून, "मग तू मधे नव्हतासच म्हण की."

बाहेर जिन्यावर कुणीतरी बादली ठेवली. घड्याळात दहाला दहा कमी. नगरसभा दोरीच्या पावलांनी बारा मिनिटांवर. दादाच्या पावलांनी तासाचा रस्ता. चष्मेवाली पोरगी आणि तिची माणसं पायऱ्यांवर येऊन बसली असतील, गुडघे समोर लांब करून, जसे सगळे फरसबंदीवाले बसतात. दोरीला ते चित्र लख्ख दिसलं. दादा तिथे पोचणार, टोपी काढणार, सगळ्यांसमोर 'हो' म्हणणार. दादाच्या तोंडून निघणारं पहिलं खोटं, आणि तेही याच्यासाठी! तो ताडकन उठला. हातानं दादाचा खांदा धरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कसला हिशेब न लावता, अगदी मनापासून म्हणाला,

"नको दादा. तू नको जाऊस. तू घरी थांब. बाकी मी बघतो."

वहिनीची सुरी थांबली.

शब्द बाहेर पडले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. तेच शब्द. तेच घर, तीच खुर्ची. त्यानं तोंड उघडलं, "दादा, तसं नाही. खरं सांगायला जातोय मी. माझ्या तोंडानं. तुला त्रास नको म्हणून… या वेळी खरं… दादा, ऐक तरी!"

दादानं खांद्यावरचा हात हळूच बाजूला केला. दारामागच्या खिळ्यापाशी गेला. तिथे त्या जुन्या चामडी गाद्या लटकत होत्या, डाव्या गुडघ्याची घासून घासून कागदासारखी झालेली. दोन्ही काढल्या, एकावर एक ठेवल्या, कोटाच्या खिशात कोंबल्या. मावल्या नाहीत. पट्टे बाहेर लोंबत राहिले. तसाच तो उंबऱ्याशी गेला.

"काय सांगणार आहेस तिथे?" दोरीनं विचारलं. "दादा? 'हो' म्हणणार आहेस का 'नाही'?"

आधी काठी. मग दुखरा पाय. मग चांगला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो आवाज उमटला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या पायरीवर. दादानं मागे वळून बघितलं नाही.